अकरा केसपेपर

"ही बाई कोण, मला ठाऊक नाही," सीताराम टेंपोवाला शिउलीकडे बोट दाखवत म्हणाला. "पोरगी माझी आहे. हा बघा जन्मदाखला. आई शीला, ती गावाला गेलीय."

चौकीतल्या बाकावर शिउली आणि तिच्या पोरीशेजारी बसलेल्या कौशल्याबाईंनी टेबलाकडे पाहिलं. तिथे त्यांनीच दवाखान्यातून आणलेले अकरा केसपेपर पडले होते. सगळ्यांवर अक्षर त्यांचं, आणि सगळ्यांवर नाव शीला.

महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बाईंची सत्तावीस वर्षं गेली. तोंड अस्सल पुणेरी. "रांग दिसत नाही? डोळ्यांचे डॉक्टर गुरुवारी असतात." पण अंगावर वळ घेऊन कुणी आली, की ह्याच बाई आवाज खाली घेत.

तीन वर्षांपूर्वी शिउली आली ती सुजलेलं मनगट घेऊन. मूळची बांगलादेशची. काम देतो सांगून कुणीतरी आणलं आणि मार्केट यार्डातल्या ह्या सीतारामच्या गळ्यात बांधलं. कागद म्हणाल तर चिटोरंही नाही. मारून झालं की सीतारामचं पालुपद ठरलेलं, "जा की पोलिसात. तुलाच हाकलतील, पोरगी माझ्याकडं राहील." मेल्याने ह्यात एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं, हीच तर पंचाईत.

बाईंना दया आली. विचारपूस नको म्हणून त्यांनी पेपरवर 'शीला' हे सीतारामने पोरीच्या जन्मदाखल्यावर घातलेलंच नाव लिहिलं आणि "काय झालं विचारलं तर पडले म्हण," असं बजावलं. तेव्हापासून शीला अकरा वेळा पडली. डॉक्टर जखमा इमानाने लिहीत गेले. बाईंना वाटत होतं, आपण पुण्य करतोय.

काल सीतारामने पोरीला, सहा वर्षांच्या मैत्रीला, पट्ट्याने मारलं. सकाळी शिउली खिडकीशी आली.

"ताई, आज 'पडले' लिहू नका. चौकीत चला माझ्याबरोबर."

"अगं, परत पाठवतील तुला."

"पाठवू दे. पोरगी त्याच्याकडं नको. एवढं कुणीतरी लिहून घ्या."

बाई उठल्या. खिडकी बंद करून मधेच निघायची ही त्यांची पहिलीच वेळ.

आणि आता त्यांच्याच दयेने घात केला होता. शीला नावाची बाई जगात नव्हती; शिउली कागदावर नव्हती. सीताराम खुर्चीत रेलून बसला होता.

"मॅडम," कौशल्याबाई उठल्या, "नाव मी खोटं लिहिलंय. जखमा खऱ्या आहेत, आणि ह्याच बाईच्या आहेत."

उपनिरीक्षक उत्कर्षा मॅडमनी पेन खाली ठेवलं. "रिटायर कधी होताय?"

"चार महिन्यांनी."

"हे लिहून घेतलं तर तुमच्यावर येईल. कळतंय ना?"

"कळतंय. मराठीतच बोललात."

शिउलीने तेवढ्यात बाही वर केली. डाव्या दंडावर इस्त्रीच्या टोकाचा डाग होता. मॅडमनी सातवा केसपेपर काढला, वाचला, पुन्हा दंडाकडे पाहिलं. मग मैत्रीला जवळ बोलावून तिची पाठ पाहिली. सीताराम सावरून बसला.

"खरं नाव सांगा," मॅडम म्हणाल्या. "पण एक आधीच सांगते. तक्रार लिहीन, पोरगी ह्याच्या ताब्यात देणार नाही. तुमचीही चौकशी मात्र मला टाळता यायची नाही."

"शिउली मंडल," ती म्हणाली. तीन वर्षांत बाईंनी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. कौतुकाने त्यांचा ऊर भरून आला, आणि स्वतःची लाजही वाटली.

बालगृहाची गाडी येईपर्यंत शिउलीने मैत्रीची वेणी घातली. मग कंगवा बाईंच्या हातात दिला. "घट्ट घाला, ताई. शाळेत सुटते."

बाईंच्या हातात चौकशीची नोटीस पडली. निरोपसमारंभ झाला नाही. शिउलीला सीमेकडे नेल्याचं त्यांना मॅडमकडून कळलं.

रविवारी त्या बालगृहात जातात. मैत्री पाठ करून बसते. पाठीवरचे वळ आता पुसट झालेत.

"आईसारखी नाही होत," ती म्हणते.

"नाहीच होणार," कौशल्याबाई म्हणतात. "मान सरळ ठेव." आणि वेणी उलगडून पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतात.