आधी नाच, मग तपासणी

पुण्यातल्या नर्सिंग कॉलेजनं समीक्षाला सेवा-सहलीची प्रमुख केलं, आणि आपण समाजाचं भलं करूनच परतणार असं तिला मनापासून वाटू लागलं. सहलीचे हेतू दोन: वलवणच्या पलीकडं डोंगरात असलेल्या ठाकरवाडीत आरोग्य तपासणी, आणि तिथल्या संस्कृतीची ओळख. त्यातला पहिला भुशी धरणातच वाहून गेला म्हणायचा. वाकडी वाट करून मंडळी धरणाच्या पायऱ्यांवर भिजत बसली, मग भाजलेली कणसं, मग चिक्की. बस वाडीत पोचली तेव्हा सकाळपासून अंगणात येऊन बसलेली माणसं तशीच बसून होती. उशीर का झाला, असं कुणी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सगळ्यात पुढं कस्तुराबाई होती, धाकट्या सुनेला, सारिकाला घेऊन. सारिकाला सातवा महिना, आणि पाय सुजून टम्म झालेले. एवढी पोर तेवढी पहिली बघा, असं म्हातारी येईल त्याला सांगत होती. बरोबर आलेले डॉक्टर अमृत सर तेव्हा औषधांची खोकी उतरवून घेत होते. समीक्षानं आभाळाकडं पाहिलं. ढग खाली येत होते, उजेड जाणार होता, आणि कॉलेजला नाचाचा व्हिडिओ हवा होता.

"मावशी, आधी नाच उरकून घेऊ, मग तपासणी," ती म्हणाली.

कस्तुराबाई उठून ढोल वाजवणाऱ्या गेणूआबापाशी गेली. तो मान हलवून नाही म्हणत होता. ती हळू आवाजात काहीतरी विनवत राहिली. शेवटी आबा ढोल आणायला घरात गेला.

नाच झाला, पण कसातरीच. बायका फेर धरत होत्या आणि कुणाच्या तोंडून गाणं फुटत नव्हतं. एकीनं तर पदर तोंडाला लावला होता. लाजतायत बिचाऱ्या, असं समीक्षानं मैत्रिणींना समजावलं आणि त्यांची लाज मोडायला स्वतः फेरात शिरली. एवढ्यावर थांबेल ती समीक्षा कसली! बाजूला बसलेल्या सारिकालाही तिनं हाताला धरून उठवलं. सारिकानं सासूकडं पाहिलं. सासूनं नजर दुसरीकडं वळवली. मग ती पोर सुजल्या पायांनी फेरात चालली. व्हिडिओ मात्र झकास आला.

तपासणीला पहिली सारिकाच बसली. समीक्षानं रक्तदाब घेतला आणि आकडा बघून पुन्हा घेतला. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढं अंधारी येते का, दोन्हीला होय. घरात कुणाला बाळंतपणात त्रास झाला होता का?

"थोरल्या जावंला," सारिका म्हणाली. "गाडी मिळंस्तवर गेली ती. अजून दहावा व्हायचाय."

समीक्षाच्या डोक्यात ते शिरायला जरा वेळ लागला. सुतकात ढोल वाजला होता. तो आपणच वाजवायला लावला होता. पदर तोंडाला लावलेली बाई मेलेलीची आई होती, हेही तिला तिथंच कळलं. शरमेनं तिला कुणाकडं बघवेना. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

अमृत सरांनी आकडा बघताच बस काढायला सांगितली. सारिकाला लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं, नाहीतर दोन्ही जीव धोक्यात. पोरीला बसमध्ये आडवी केली. पायरीशी समीक्षानं कस्तुराबाईचे हात धरले आणि सुतक आहे हे आधी सांगायचं तरी, असं रडवेल्या आवाजात म्हणाली. म्हणजे इथंही दोष म्हातारीच्याच पदरात टाकून झाला.

कस्तुराबाईला राग आला नव्हता. उलट तीच ओशाळली.

"तुमीच म्हनला न्हवं, आदी नाच, मंग तपासनी," ती म्हणाली. "थोरलीच्या टायमाला आमाला कुनी सांगितलंच न्हाई, बाय. न्हाईतर तवा बी नाचलो असतो."