व्यंकटी वल्द गुणाबाई

भुजंगरावांच्या घरची वंशावळ दर पिढीला एकदा नव्या कागदावर उतरायची. घरातल्या थोरल्यानं ती उतरायची, असा रिवाज. आता भुजंगरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि जुना कागद घड्यांवर फाटलेला. म्हणून त्यांनी लातूरला शाळेत शिकवणाऱ्या लेकीला, पुनमला, गावी बोलावून घेतलं. गाव उदगीरपासून पाच कोसांवर.

पुनम सकाळपासून लिहीत बसली होती. मधेच थांबली.

"बापू, समद्यांच्या वर बापाचं नाव हाय. ह्या व्यंकटीच्या वर कोणीच कसं न्हाई?"

"तो माझा पणजा. त्याच्या वर कोण, कुणालाच ठाव न्हाई. आमचा आबा म्हणायचा, व्यंकटी जमिनीतनं उगवला."

पुनम हसली नाही. तिनं उदगीरच्या कचेरीत अर्ज दिला. निजामाच्या वेळचं दप्तर तिथं होतं, पण सगळं उर्दूत. मग तिनं खाजासाहेबांना गाठलं. ते उर्दूचे निवृत्त मास्तर. त्यांनी रिक्षाभाडंसुद्धा घेतलं नाही.

एप्रिलातल्या एका दुपारी भुजंगराव, पुनम आणि खाजासाहेब कचेरीतल्या लाकडी बाकड्यावर बसले. कारकुनानं लाल कापडात बांधलेलं रजिस्टर समोर ठेवलं. खाजासाहेब एकेका ओळीवर बोट फिरवत गावातली नावं वाचत गेले. भुजंगरावांना त्यातली अर्धी घरं ओळखू आली.

"व्यंकटी," खाजासाहेब म्हणाले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "व्यंकटी वल्द गुणाबाई. उमर दहा साल."

"वल्दच्या म्होरं बापाचं नाव असतंय ना?" भुजंगरावांनी विचारलं.

"असतंयच. इथं आईचं हाय. चाळीस वर्षं झाली कागद वाचून राहिलो, असं कुठंच पाह्यलं न्हाई. लिहिणाऱ्यानं बापाचं नाव विचारलं असंल. बाई म्हणाली असंल, माझंच लिवा."

सव्वाशे वर्षं झाली, आणि ती बाई अजून कारकुनापुढं ताठ उभी आहे, असं भुजंगरावांना वाटलं.

"शेवटी शेऱ्यात कैफियत लिहिलीय," खाजासाहेब पुढं वाचू लागले. "बाई बेवा, म्हंजे विधवा. दुष्काळात कंधारकडून लेकरू घेऊन आली. पडीक जमीन तोडली. बावडी एक, बाईनं चार उन्हाळ्यांत खोदली."

"बावडी?" पुनमनं बापाकडं पाहिलं. "म्हंजे बाईची विहीर!"

त्यांच्या रानातली ती विहीर. 'बाई' म्हणजे पाण्यातली देवी, असंच सगळं गाव धरून चाललेलं. दर चैत्रात भुजंगरावांची आई, मग बायको, काठावर हळदकुंकू वाहायची. देवीचं नाव काय, हे कुणी विचारलं नव्हतं.

भुजंगरावांनी लेकीच्या हातातला पेन घेतला. तिनं सोबत आणलेल्या नव्या वंशावळीत व्यंकटीच्या डोक्यावर लिहिलं, गुणाबाई. अक्षर वाकडं आलं, तरी पुनमनं ते दुरुस्त केलं नाही.

गावी पोचले तरी ते घरात शिरले नाहीत, सरळ रानात गेले. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. पुनम नको नको म्हणत असताना सत्तरीतला तो माणूस एकेक पायरी धरत खाली उतरला. वरचा दगड बांधीव होता. त्याच्या खालचा मुरूम आणि काळा खडक मात्र हातानं फोडलेला, पहारीच्या घावांनी भरलेला. काही घाव खोल होते, काही अगदी वरवरचे, जणू त्या दिवशी खोदणारीच्या हातात जीव उरला नव्हता.

त्यांनी एका घावावर तळवा टेकला. ह्या पाण्यावर त्यांचा आबा वाढला, बाप वाढला, ते वाढले.

"बापू, या की वर!"

"आलो. थांब जरा."

त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. मग जोरात हाक मारली, "गुणाबाईऽऽ!"

हाक खडकावर आदळत, गोल फिरत काठापर्यंत चढली. वर उभ्या पुनमनं नकळत हात जोडले.