टाकीतलं पाणी

गोदावरीबाईंच्या जुन्या ट्रकमधला धुराचा इशारा देणारा दिवा विझेना, म्हणून ड्रायव्हर नत्थू त्यांना घेऊनच सानगडीच्या गॅरेजात आला. धनंजय मिस्त्रीनं स्कॅनर लावला. धूर साफ करणारा युरिया खराब आहे, असा कोड आला. त्यानं युरियाच्या टाकीतला थेंब बोटावर सुकवून पाहिला. युरियाचा पांढरा डाग उरलाच नाही. ते निव्वळ पाणी होतं.

"मी तं चांगला युरिया भरला होता," नत्थू म्हणाला.

धनंजयला खोडी सुचली. गंभीर चेहऱ्यानं स्क्रीनकडे पाहत तो म्हणाला, "भाऊ, पानी कोन्त्या नळाचं आहे, तेबी मशीन सांगून राहिली."

"खोटी बोलते तुही मशीन," नत्थू तडकला. "नळाचं कायले राहील? तलावाचं होतं."

बोलून झाल्यावर त्यानं जीभ चावली.

"मंग युरिया कुठं गेला?" बाईंनी विचारलं.

मशीन हेही सांगेल या धाकानं नत्थू आपणच बोलला, "माह्या धानाच्या पऱ्ह्यांवर, कोवळ्या रोपांवर शिंपला, बाई. सारे पऱ्हे जळले."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी त्याच्याकडूनच टाकी धुऊन घेतली. नवा युरिया भरल्यावर दिवा विझला.

निघताना नत्थूनं धनंजयला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "बाकी काई तं नाई ना सांगतलं तुह्या मशीननं?"