मागच्या गॅलरीतला फोन

“अगं चिंगे, ही बाई मला सूप पाजते आणि वर दटावते. कुठून शोधून आणलीस?”

“आई, चांगली आहे गं ती. संपव ना सूप.”

“चांगली कसली डोंबलाची! मघाशी माझ्या कपाटात हात घालत होती. तू आलीस की जरा खडसाव तिला.”

“खडसावते. पण आधी सूप.”

“बरं बाई. तू म्हणतेस म्हणून.”

लेकीने मोबाइल बंद केला आणि मागच्या गॅलरीचं दार उघडून ती आत आली. बाहेरच्या खोलीत आई जुन्या फोनचा रिसीव्हर जागेवर ठेवत होती. कपाटात हात घालणारी बाई समोर दिसताच तिने तोंड वाकडं केलं. पण वाटी मात्र ओढून घेतली.

आईच्या मनातून लेकीचा चेहरा पुसला गेल्याला वर्ष होत आलं होतं. एका सकाळी आईने लेकीला “तुम्ही कोण? माझ्या घरात कशा आलात?” म्हणून दाराबाहेर काढलं होतं. जिन्यात बसून रडून झाल्यावर, आत सगळं ठीक आहे ना हे कळावं म्हणून लेकीने फोन लावला. नुसत्या ‘हॅलो’वर पलीकडून आवाज उसळला, “चिंगे! कुठे होतीस गं मेले इतके दिवस?”

तेव्हापासून हाच रिवाज झाला. औषध, आंघोळ, जेवण... लेकीने घरातली ‘बाई’ म्हणून सांगायचं, आईने उडवून लावायचं, मग तिनेच गॅलरीत जाऊन फोन करायचा आणि आईने निमूट ऐकायचं. कधीकधी लेकीला त्या फोनवरच्या मुलीचा हेवा वाटे. सगळे लाड तिचे आणि हिच्या वाट्याला नुसत्या शिव्या.

आई एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. नवरा गेल्यावर, पोर पदरात असताना फोन जोडायच्या बोर्डावर बसली. “या वयात डोक्यात काय शिरणार?” असं तिथल्या हेड बाई तोंडावर म्हणाल्या होत्या. शिरलं, आणि असं शिरलं की मोठे सर्जन नुसते खाकरले तरी ही “जोडते, सर” म्हणायची. “चेहरे काय, सगळ्यांनाच असतात,” ती घरी येऊन फुशारकी मारायची. “आवाजावरून माणूस ओळखा, मग मानेन.”

“मेंदूत चेहऱ्यांची जागा वेगळी, आवाजांची वेगळी,” डॉक्टरांनी लेकीला समजावलं होतं. “माणूस मोठा झाला की मेंदू घडायचा थांबला, असं आपण धरून चालतो. थांबत नाही तो. जी वाट रोज तुडवली ती रुळते. जी सोडली तिथे गवत माजतं. तुमच्या आईंनी अर्धं आयुष्य कानाची वाट तुडवलीय. म्हणून तेवढी अजून शाबूत आहे.”

“किती दिवस राहील?”

डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

त्या दिवशी दुपारी आई आंघोळीला उठेना. “हात लावाल तर बघा!” म्हणाली. लेक नेहमीप्रमाणे गॅलरीत गेली, दार लोटलं, फोन लावला.

“नमस्कार. बोला.”

“आई, मी बोलतेय.”

“कोण हवंय आपल्याला?”

“आई... मी. चिंगी.”

“जरा स्पष्ट बोला, बाई. कुणाशी बोलायचंय?”

आवाज गोड होता, नम्र होता, आणि परका होता. लेकीने कठड्याला धरलं.

“आईशी,” ती म्हणाली, आणि रडू लागली.

आई एकदम खालच्या पट्टीत बोलली, “रडू नका. मी बघते हं कुठे आहेत त्या. फोन ठेवू नका.” तिने नाव विचारलं नाही. रडणाऱ्याला पुन्हा नाव विचारायचं नाही, ही बोर्डावरची तिची रीत होती.

रिसीव्हर टेबलावर टेकल्याचा आवाज आला. सपाता घासत आई निघाली. आतल्या खोलीत डोकावली, स्वयंपाकघरात शिरली. गॅलरीचं दार उघडलं.

“अहो बाई,” आई घाबऱ्या चेहऱ्याने म्हणाली, “या घरातल्या आई कुठे आहेत? त्यांच्या मुलीचा फोन आलाय. पोर रडतेय हो.”

लेकीने मोबाइल पाठीमागे धरला. समोर आई उभी होती. विस्कटलेले केस, गळ्यापाशी सुपाचा डाग.

“त्या... नाहीत आत्ता,” लेक म्हणाली.

“अरेरे. काय सांगू आता तिला?”

ती तशीच लगबगीने वळली. लेकीने मोबाइल पुन्हा कानाला लावला. सपातांचा आवाज तिच्यापासून लांब जात होता आणि कानात जवळ येत होता.

“आहात ना?” आई म्हणाली. “त्या इथे नाहीत हो, बाळ. पण मी आहे लाईनवर. तुम्ही रडून घ्या.”

गॅलरीचं दार उघडंच राहिलं होतं. तो आवाज लेकीला एका कानाने फोनमधून आणि दुसऱ्याने खोलीतून ऐकू येत होता.