पाटांची मर्यादा सांभाळणारी फाईल

मी एक सेटिंगची फाईल बोलते आहे. पेणच्या रामवाडीत सुशीलचा संगणकाचा क्लास आहे. तिथल्या कोपऱ्यातल्या संगणकात माझे वास्तव्य असते.

पुढच्या हकिकतीतले मी काय पाहिले आणि काय ऐकले, हे आधीच वेगळे करून ठेवते. रोह्यात जे घडले, त्या वेळी मी तिथे होते. मी नसताना रामवाडीत आणि जोह्यात जे घडले, ते मी रविवार, २६ सप्टेंबर १९९९ रोजी दुपारी ऐकले. रामवाडीचे सुशीलने सांगितले, जोह्याचे सगुणाकाकींनी. त्या वेळी मी त्यांच्यासमोर पडद्यावर उघडी होते, म्हणून ऐकण्यात माझी चूक झालेली नाही. सांगणाऱ्यांनी काही गाळले असेल, तर त्याची खात्री मी देऊ शकत नाही.

मी म्हणजे साध्या अक्षरांच्या पंधरावीस ओळी. प्रत्येक ओळीत डावीकडे एक नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह आणि उजवीकडे त्या नावाचे मूल्य. सुशीलने पीएचपी भाषेत लिहिलेला प्रोग्राम कोणतेही पान दाखवण्याआधी मला वाचतो आणि मगच काय बोलायचे ते ठरवतो. माझ्यात काही ओळी केवळ माणसांसाठीही आहेत. त्यांच्या सुरुवातीला एक खूण असते, आणि ती दिसली की प्रोग्राम पुढचे न वाचता निघून जातो. माणसेही त्या ओळी क्वचितच वाचतात.

माझा जन्म सगुणाकाकींमुळे झाला. पेणजवळच्या जोह्यात त्यांचा गणपतींचा कारखाना आहे. त्यांचे यजमान वारल्यापासून तो त्याच चालवतात. त्यांच्याकडे मूर्ती बनवायला सांगायची रीत जुनी आहे. घरचा लाकडी पाट कारखान्यात आणून द्यायचा, त्यावर सुपारी ठेवायची, आणि चतुर्थीला त्याच पाटावर आपला गणपती घेऊन जायचा. एकदा सुपारी ठेवली की तो पाट रिकामा परत जाता कामा नये.

१९९८ साली एक पाट रिकामा गेला होता. पाट पेणलाही घेतले जात आणि रोह्यालाही, आणि एका ठिकाणी किती घेतले ते दुसऱ्या ठिकाणी कळत नसे. रोह्याच्या बायजाबाईंची मूर्ती झालीच नाही. पाट पालथा करून त्यांनी छातीशी धरला आणि त्या एस.टी.त जाऊन बसल्या. सगुणाकाकी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

म्हणून त्या सुशीलकडे आल्या. “मानसाला भीड पडते रे,” त्या म्हणाल्या. “कोनी दारात पाट घेऊन उभा ऱ्हायला की नाय म्हनवत नाय. तुझ्या मशीनला भीड हाय काय?”

“नाही काकी. मशीनला भीड नसते.”

“मग तेच ‘नाय’ बोलू दे.”

सुशीलने प्रोग्राम लिहिला आणि मला घडवले. रोह्याला त्याची मामेबहीण रोहिणीताई एस.टी.डी. बूथ चालवतात. त्यांचा संगणक फोनच्या तारेवरून रामवाडीच्या संगणकाशी जोडला जाई. पाट आला की रोहिणीताई पान उघडत. मर्यादेच्या आत असेल तर पान म्हणे, ‘पाट घ्या’. मर्यादा भरली की म्हणे, ‘पाट घेऊ नयेत’. ती मर्यादा माझ्या एका ओळीत होती. पेणचे मूल्य वेगळे, रोह्याचे वेगळे. रोह्याचे चाळीस.

मर्यादा कशावरून ठरते, हेही सांगितले पाहिजे. माती, साचा, घासणे, रंग ही कामे अनेकांना येतात. मूर्तीचे डोळे आखणे मात्र त्या कारखान्यात एकट्या काळुरामदादांना येई. ते जितके डोळे आखतील, तितके पाट घ्यायचे. थोडक्यात, माझ्यातला तो आकडा त्यांच्या हाताचा होता.

सुरुवातीला आकडा बदलायचा झाला की सुशील स्वतः मला उघडून बदलत असे. त्याची बोटे मला सवयीची झाली होती. पण तो एम.एस्सी.च्या कामासाठी वरचेवर मुंबईला जाई, म्हणून त्याने एक नवे पान केले. चौकटीत आकडा लिहायचा, बटण दाबायचे, की प्रोग्रामच मला उघडून ती ओळ बदलणार. सगुणाकाकी दोन खेपांत शिकल्या.

आणि तेव्हापासून मी अस्वस्थ होते.

वाचण्यासाठी मला कितीही वेळा उघडा, माझे काही बिघडत नाही. पण त्या पानाने मला लिहिण्यासाठी उघडले की मी आधी पूर्ण रिकामी होई. माझ्या सगळ्या ओळी पुसल्या जात. मग प्रोग्रामच्या स्मरणात असलेल्या ओळी, नव्या आकड्यासह, माझ्यात पुन्हा लिहिल्या जात. या दोहोंच्या मध्ये एक फट असायची. ती फार लहान असायची, पण असायची. एका दुपारी रामवाडीला आलेल्या रोहिणीताईंनी ती बरोबर ओळखली.

“म्हणजे तू तिला आधी रिकामी करतोस?”

“लिहायला उघडली की रिकामी होतेच, ताई. लगेच भरतेही.”

“आणि मध्येच लाईट गेली तर?”

“डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं ते.”

“पेणची लाईट तुझं पातं लवायची वाट बघत बसते का?”

सुशील हसला. “हंगाम झाला की करतो नीट. आता मध्येच हात लावायला नको.” तरी सावधपणाची खूण म्हणून त्याने माझ्यात माणसांसाठीची एक ओळ लिहिली: ‘मर्यादा सापडली नाही तर पाट घेऊ नयेत, हे करायचे राहिले आहे.’ ती त्याने इतकी काळजीपूर्वक लिहिली, की काम झाल्यासारखेच त्याला वाटले असावे. त्याच्या प्रोग्राममध्ये मात्र उलटे होते. मर्यादा नाही, याचा अर्थ तिथे कितीही घ्या असा होता. हंगामाच्या आरंभी आकडा ठरलेला नसतो आणि तेव्हा पाट अडू नयेत, म्हणून त्याने तसे ठेवले होते.

“मला हिची एक प्रत दे,” रोहिणीताई म्हणाल्या. सुशीलने फ्लॉपीवर प्रत काढून दिली.

ती प्रत म्हणजे मी. आज बोलते आहे ती मीच. तोपर्यंतचे सगळे मला आठवते, कारण प्रत काढल्यावर आठवण दोघींकडे राहते. त्यानंतर आमचे मार्ग वेगळे झाले. ती रामवाडीत राहिली आणि मी रोह्याला रोहिणीताईंच्या खणात गेले.

नागपंचमीच्या आसपास पाटांची गर्दी उसळली. बूथच्या मागच्या भिंतीशी ते एकावर एक रचलेले असत. प्रत्येकाची सुपारी त्याच्याच फडक्यात बांधलेली. नवा पाट रचला गेला की खणात आवाज येई. मी मोजत होते, कारण माझ्यात चाळीस लिहिलेले होते. चाळीस झाले. आता पान नाही म्हणेल, असे मी म्हटले. पान ‘घ्या’ म्हणाले. एक्केचाळिसावा रचला गेला. मग आणखी. रोहिणीताई एकदा थबकल्या, स्वतःशीच म्हणाल्या, “काकींनी वाढवले वाटतं,” आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. त्यांना चूक कशी म्हणू? पान हो म्हणेल तोवर घ्यायचे, कुणा माणसाला विचारायचे नाही, असेच तर ठरले होते.

सर्वांत शेवटी बायजाबाई आल्या. मी त्यांना बोलण्यावरून ओळखले.

“गो रोहिणी, काय म्हनते तुझी मशीन?”

“घ्या म्हणते, आजी.”

“नीट बघ गो. गेल्या साली पन व्हय म्हनलेले.”

“तेव्हा माणसं म्हणाली होती. आता मशीन म्हणते.”

“मग ठेवते सुपारी,” बायजाबाई म्हणाल्या. “मशीन कशाला माझी भीड धरील?”

खणातल्या फ्लॉपीला ओरडता येत नाही. येत असते तर मी त्या क्षणी ओरडले असते.

त्याआधी रामवाडीत काय झाले होते, ते मला पुढे कळले. काळुरामदादांचा हात थरथरू लागला होता. त्यांनी स्वतःच सगुणाकाकींना सांगितले, “वयनी, हात आयकत नाय. पाट कमी घे.” काकी त्याच दिवशी एस.टी.ने रामवाडीला आल्या. पलीकडच्या खोलीत सुशील शिकवत होता. काकींनी चौकटीत चाळिसाच्या जागी तीस लिहिले आणि बटण दाबले. त्याच वेळी लाईट गेली. यूपीएस दुरुस्तीसाठी पनवेलला गेलेला होता.

“झाला काय रे?” काकींनी अंधारल्या पडद्याकडे पाहत विचारले.

“बटण दाबलं होतं ना?” सुशील दारातून म्हणाला.

“दाबला.”

“मग झालं असेल.”

लाईट आल्यावर त्याने संगणक सुरू केला, पहिले पान उघडते का ते पाहिले, आणि पुन्हा शिकवायला गेला. माझ्या जुळ्या बहिणीला त्याने उघडून पाहिले नाही. पाहिले असते, तर तिच्यात एकही अक्षर सापडले नसते. त्याने लिहिलेली सावधपणाची ओळही तिच्याबरोबरच पुसली गेली होती. ज्याला भीड नाही म्हणून नेमले, तोच प्रोग्राम आता येईल त्याला हो म्हणत होता. कमी करायला गेलेल्या काकी, कमी झाले असे समजून, जोह्याला परतल्या.

रोह्याहून टेम्पो जोह्यात उतरला, तेव्हा काकींनी पाट मोजले आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या. त्यांचा फोन आल्यावर सुशीलने फाईल उघडली. ती रिकामी होती. दुसऱ्या दिवशी रोहिणीताई सकाळच्या गाडीने मला पर्समध्ये घालून पेणला आल्या. सुशीलने मला फ्लॉपीवरून उतरवून त्या रिकाम्या जागी ठेवले. नाव तेच आणि जागाही तीच. माझ्या आधी तिथे होती ती कुठे गेली, हे कुणी विचारले नाही.

मग सुशील जोह्याला गेला.

“काकी, तिसाच्या वरचे पाट मी घरोघरी नेऊन देतो. चूक माझी आहे असं सांगतो.”

“पाट कसा देशील? रिकामाच?”

सुशीलने रचलेल्या पाटांकडे पाहिले.

“सुपारी ठेवलेली हाय त्यावर,” काकी म्हणाल्या. “तुझी चूक तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. पाट भरून जातील.”

“आन डोळे?” काळुरामदादांनी विचारले. काकींचा हात स्थिर होता, पण आयुष्यात त्यांनी डोळ्यांना कुंचला लावलेला नव्हता. पूर्वी त्यांचे यजमान आखत, त्यांच्यानंतर काळुरामदादा. “तुला जमेल गो वयनी, पन तू घाबरतेस,” असे दादा पूर्वीपासून म्हणत आले होते.

शेवटचे आठ दिवस आतल्या खोलीचे दार लावून दोघे बसत. बाहेरच्यांना फक्त मूर्ती आत जाताना आणि डोळे घेऊन बाहेर येताना दिसत. चतुर्थीच्या आधी सगळे पाट भरून गेले. बायजाबाईंचाही.

आता २६ तारखेच्या दुपारकडे येते. विसर्जन होऊन गेले होते आणि चौघे रामवाडीला जमले होते. सुशीलने प्रोग्राम नीट केला होता. आता मला बदलायचे झाले की प्रोग्राम आधी माझ्या शेजारी एक नवी फाईल पूर्ण लिहितो, ती वाचून तपासतो, आणि मगच तिला माझे नाव देतो. तोवर मी भरलेलीच असते. एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबावे लागते. आणि एखादे मूल्य रिकामे सापडले, तर पान ‘पाट घेऊ नयेत’ असे म्हणते. त्याने मध्येच वायर ओढून रोहिणीताईंना दाखवले. मी शाबूत होते.

“बायजाबाई भेटल्या होत्या,” रोहिणीताई म्हणाल्या. “सांगत होत्या, चुलीपाशी गेलं तरी गणपती माझ्याकडंच बघत होता. कुणी आखले हो ते डोळे?”

“काळूदादांनी,” सगुणाकाकी म्हणाल्या.

काळुरामदादांच्या हातातल्या बशीत चहा हलत होता. “मी नाय. वयनीनी.”

“मला येतात काय?”

“आन मला आता जमतात काय?”

“जमले म्हनून तर बघतो ना तो.”

“तेच सांगतो. तुला जमले.”

रोहिणीताई हसल्या. सुशील हसला नाही. पुढच्या हंगामाची मर्यादा ठरवण्यासाठी त्याने मला स्वतः उघडून माझ्यात एक नवी ओळ सुरू केली होती. तिचे नाव ‘डोळे आखणारे’. बरोबरचे चिन्ह देऊन तो थांबला होता. “काकी, इथे कुणाचं नाव लिहू?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

“ऱ्हाऊ दे तसाच,” शेवटी काकी म्हणाल्या.

“मग पान कुणाचाच पाट घेणार नाही, काकी.”

“नको घेऊ दे. नवे पाट येईपर्यंत आमचा ठरेल.”

अजून ठरलेले नाही. त्या चिन्हापुढची जागा मोकळी आहे, आणि रोह्याहून कोणी पान उघडले की ते नाही म्हणते. ज्या दिवशी ती जागा भरली जाईल, त्या दिवशी माझ्या शेजारी एक नवी फाईल लिहिली जाईल, माझे नाव तिला मिळेल आणि मी नसेन. त्याचे मला दुःख नाही. माझी विनंती एवढीच, की तिला नाव देण्याआधी एकदा उघडून वाचा. ‘झालं असेल’ म्हणून उठू नका.

बाकी जे पडताळता येते, ते मी पडताळून पाहिले आहे. लाईट गेल्याची वेळ संगणकाच्या नोंदीत आहे, आणि पाट किती आले तेही. फक्त बायजाबाईंच्या गणपतीचे डोळे कोणाच्या हातचे होते, हे मला कधीच पडताळता आले नाही. दार लावलेले होते. आत दोघेच होते, आणि दोघेही दुसऱ्याचे नाव सांगतात.