पंधरा टक्के ओल

आनंदरावांनी दाणा दाताखाली धरला, चावला आणि थुंकला. "वला हाय, रत्ना. ने परत," ते माझ्या आईला म्हणाले.

सलग तिसरं वर्ष. आमचं गाव विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला. गावच्या बियाणं गटात ज्याचा भात पास होतो, त्याचं बी पुढच्या वर्षी सगळ्या शिवारात पेरलं जातं. माझ्या आईला एवढंच हवं होतं. वीस वर्षं लोंब्या निवडून राखलेला तिचा आंबेमोहर गावाच्या वावरांत उभा दिसावा. पण बुद्धविहाराच्या अंगाला राहणाऱ्या आमच्या आठ घरांचा भात दरवर्षी ओलाच निघायचा.

आनंदराव गटाचे अध्यक्ष. दाणा फोडून ओल सांगण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही म्हणे. त्यांनी दोन वर्षांपूर्वी कवळी बसवली, हे मात्र कुणी बोलत नव्हतं. मी बोलले.

"तात्या, दात तुमचे का भोरच्या डॉक्टरचे?"

माणसं हसली. आनंदराव हसले नाहीत. मी पिशवीतून माझा ओल मोजायचा डबा काढला.

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी हेच करते. डोळ्याला न दिसणारा उजेड, म्हणजे इन्फ्रारेड, टिपणारे सेन्सर बाजारात मिळतात, पण इतके महाग की आमच्या खळ्यावर कधी यायचे नाहीत. आम्ही शिसं आणि गंधक तेलात तापवून अतिसूक्ष्म कण करतो. त्यांना क्वांटम डॉट म्हणतात. कुपीत ते काळ्या शाईसारखे दिसतात. ती शाई चिपवर पसरायची, वाळवायची, काचेखाली बंद करायची, झाला स्वस्तातला सेन्सर. पाणी तो उजेड पिऊन टाकतं, म्हणून दाण्यावरून उजेड कमी परत आला की ओल जास्त. असल्या शाईवर कोण भरवसा ठेवणार, असं तिथंही मला ऐकवलं गेलं. मग चार महिने भात भट्टीत वाळवून, तोलून, मी एकेक आकडा जुळवला. मला राग आला की माझं काम चांगलं होतं.

"आधी आईचाच भात," मी म्हणाले. उन्हानं आकडा चुकतो म्हणून आईनं डब्यावर छत्री धरली.

पंधरा टक्के.

तेराच्या वर बी घेणार नाही, असं गटाच्या फळ्यावरच लिहिलेलं. आनंदराव म्हणाले, "बगा! म्या काय म्हनलो?"

माझे कान तापले. आदल्या दिवशी घरीच तपासायला हवं होतं. पण आईच्या भाताला डबा लावणं म्हणजे आईवर संशय घेणं, असं मला वाटलं होतं. शहाणपणा नुसता! मी डबा पिशवीत घालू लागले.

"ठिवू नगंस," आई म्हणाली. "आता पास झालेली पोती बग."

बारा. बारा. साडेबारा. कवळी खरं बोलत होती. मग आमच्या बाकीच्या घरांची पोती. पंधरा. साडेचौदा. पंधरा.

आईनं छत्री मिटली. "तात्या, तुमच्या सगळ्यांचा बारा, आन आमच्या आठी घरांचा पंधरा. ऊन काय घर बगून पडतंय का?"

गटाचं सिमेंटचं खळं समोरच होतं, सगळ्यांच्या मालकीचं. तिथं भात वाळवायची आमची पाळी दरवर्षी शेवटी, बी घ्यायचा दिवस उलटल्यावर. तोवर आम्ही अंगणातल्या सावलीत, दमट मातीवर पसरायचो.

"पाळी ठरल्याली हाय, रत्ना," आनंदराव पुटपुटले.

"कुनी ठरिवली?" आईनं पोतं उचललं आणि भर खळ्यात ओतलं. मागोमाग बाकीच्या सात घरांनीही आपली पोती ओतली. मला असा आनंद झाला की रडू आलं. आई तीन दिवस तिथून हलली नाही. भाकरीसुद्धा तिनं खळ्याच्या कडेला बसूनच खाल्ली.

चौथ्या दिवशी डब्यानं बारा दाखवला. आनंदरावांनी तरीही दाणा चावला. कट्‌ असा कोरडा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर, पास झालेल्यांच्या यादीखाली लिहिलं, 'रत्ना'.

आईनं वरची नावं वाचली. सावळारामराव. सगुणाबाई. मग पदर खोचून ती फळ्यापाशी गेली.

"बाई ऱ्हायलं, तात्या. लिवा."