माझी चाके लहान झाली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. मातीत उड्या मारण्यासाठी जन्मलेली. अंगाने लहान, चाकांनी उंच आणि आवाजाने शेजाऱ्यांची झोप उडवणारी. माझ्या टायरांना बोटभर खोल खाचा होत्या. चिखल दिसला की माझ्या अंगात यायचे. डांबरी रस्त्याचे आणि माझे मात्र कधीच जमले नाही.

मला घरी आणले बाबांनी. ते लेथवर काम करायचे. त्यांची मुलगी ठकी आधी माझ्या टाकीवर बसायची आणि बाबा मला चालवायचे. ठकी मोठी झाली तशी ती चालवू लागली आणि बाबा मागून ओरडू लागले, "सावकाश! वळणाच्या आधी ब्रेक!" पुढे बाबांचा गुडघा दुखावला. माझ्या उंच सीटवर बसून त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. एकदा तर ते मला घेऊन उभ्याउभ्याच आडवे झाले. त्या दिवसापासून ते म्हणू लागले, "मला काही आता गाडीची हौस राहिली नाही."

घरात सगळ्यांना ते पटले. मला नाही पटले. हौस सरलेला माणूस दर रविवारी गाडीची साखळी इतक्या मायेने पुसत नाही.

बापलेक दोघेही हट्टी. जेवताना "मीठ दे" यापलीकडे त्यांचे बोलणे जात नसे. पण रविवारी माझ्याभोवती बसले की दोघांच्या जिभा सुटायच्या. कार्ब्युरेटरपासून सुरुवात व्हायची आणि ठकीच्या चष्म्याच्या दुकानातल्या गमतींपर्यंत गप्पा जायच्या. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग ज्या मैदानावर मी धावायचे, तिथे इमारती उभ्या राहिल्या. मी मागच्या खोलीत चादरीखाली गेले. कोळ्यांनी माझ्या आरशात संसार थाटले. रविवार आले नि गेले, आणि बापलेकीचे बोलणे पुन्हा मिठावर येऊन थांबले. शेवटी आई म्हणाली, "ही खोली मला शिलाई मशीनसाठी हवी आहे. गाडी चालवा, नाहीतर भंगारवाल्याला द्या. घरात नुसतं बसून राहायचा मान मला तरी कुठे मिळतोय?"

ठकी त्याच संध्याकाळी चादर ओढून म्हणाली, "बाबा, शहराबाहेर गो-कार्टचा डांबरी ट्रॅक आहे. हिला रस्त्याची चाकं घालूया. शर्यतीसाठी मातीच्या गाड्यांना घालून सुपरमोटो करतात ना, तशी."

"मातीची गाडी डांबरावर? उद्या मांजराला पोहायला शिकवशील!" बाबा म्हणाले. पण सकाळी पाना त्यांच्याच हातात होता.

मित्रांनो, माझे रूपच पालटले. उंच चाके गेली आणि लहान, रुंद चाके आली. त्यांचे टायर इतके गुळगुळीत की मला उघडे पडल्यासारखेच वाटले. पुढचा ब्रेक मोठा झाला. स्प्रिंगा आखूड आणि कडक झाल्या. वळणात वाकल्यावर माझी लोखंडी पायटेकणी डांबर खरवडू नयेत, म्हणून बाबांनी त्यांच्या टोकांना लेथवर घडवलेली पांढरी प्लास्टिकची बोंडे बसवली. ते प्लास्टिक कुठून आणले, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

ट्रॅकमालक भारी कडक. आपले डांबर तो रोज स्वतः झाडायचा, अगदी लेकराचे अंग पुसावे तसा. आम्ही फाटकाशी पोहोचलो. ठकीने स्टँड लावला, हेल्मेट काढले, आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत धाडकन आडवी झाले.

काय झाले होते सांगू? चाके लहान झाल्याने मी चार बोटे खाली आले होते, पण स्टँड होता तेवढाच लांब. त्यामुळे मी त्याच्यावर कललेच नाही आणि उलट्या बाजूला गेले. बाबांनी सगळे मोजले, स्टँड मोजायचा राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"उभी असताना पडणारी गाडी वळणावर काय दिवे लावणार?" मालक म्हणाला आणि त्याने फाटकाची साखळी अडकवली.

आता भंगारवाला, असे मला वाटले. ठकी बाबांवर चिडेल असेही वाटले. पण ती हळूच म्हणाली, "माझ्याही लक्षात नाही आलं, बाबा."

बाबांनी खिशातून पाना काढला. स्टँड सोडवून मालकाच्या हातात ठेवला. "हा तुमच्याकडे राहू द्या. गाडी मी धरून उभा राहतो. पोरीला पाच फेऱ्या मारू द्या. तुमच्या डांबरावर ओरखडा उठला तर ही गाडी मीच भंगारात टाकीन."

मालकाने स्टँडकडे पाहिले, बाबांकडे पाहिले आणि साखळी काढली.

पहिल्या फेरीत माझे थंड टायर जरा घसरले. मग ते तापले आणि डांबराला असे धरू लागले की मी थक्क झाले. मी वाकले, अजून वाकले. मातीत मी उड्या मारल्या होत्या, इथे मी नाचले. शेवटच्या वळणावर पायटेकणे टेकले आणि कर्रकन आवाज झाला.

मालक धावतच आला. डांबरावर एक पांढरी रेघ होती. त्याने अंगठ्याने पुसली. गेली! खाली डांबर जसेच्या तसे.

"हे काय लावलंय?"

"भाजी चिरायचा बोर्ड," बाबा म्हणाले. "लेथवर गोल केला. झिजेल तर तोच झिजेल."

"बायकोला विचारलंत?"

"अजून नाही."

मालक पोट धरून हसला. "मग तिला कळायच्या आत पुढच्या रविवारीही या!"

माझा जीव भांड्यात पडला. ठकी मालकाचा झाडू घेऊन उरलेली रेघ साफ करायला गेली. स्टँड नव्हता, म्हणून बाबा मला धरून उभे होते. गुडघा ठणकू लागला तसे ते इकडेतिकडे पाहून, घटकाभर टेकावे म्हणून माझ्यावर बसले.

डावा पाय जमिनीला लागला. मग उजवा. दोन्ही तळवे पुरते टेकले. बाबा खाली बघतच राहिले.

"ठके," त्यांनी हाक मारली. "पाय टेकतात गं माझे."

ठकी झाडू टाकून आली. तिने आपले हेल्मेट त्यांच्या डोक्यावर ठेवले आणि हनुवटीखालचा पट्टा लावला. आम्ही निघालो तेव्हा मागून ती ओरडत होती, "सावकाश, बाबा! वळणाच्या आधी ब्रेक!"

मित्रांनो, आता आमचे रविवार पुन्हा भरलेले असतात. आईला नवा बोर्ड मिळाला आहे आणि मागची खोलीही. मला बाहेर छपराखाली जागा मिळाली आहे. माझे काही मागणे नाही. फक्त एवढेच सांगते, जुन्या वस्तूला भंगारात काढण्याआधी तिला आणखी काय जमेल ते बघा. आणि तुमच्याही घरात "मला आता हौस राहिली नाही" म्हणणारे कुणी असेल, तर त्यांचे ऐकून घ्या, पण लगेच खरे मानू नका. एकदा सीट चार बोटे खाली करून बघा.